दोरीचा फळा

"ओढली! परत ओढली त्या टोप्यानं!"

ही आरोळी चौदा नंबरच्या स्टेशनापलीकडून उठली आणि तिच्यापाठोपाठ सारी लाइन थांबली. छताखालच्या कर्ण्यांतून एक लहानशी सुरावट वाजू लागली. लाइन थांबली की ती वाजे आणि पुन्हा सुरू होईपर्यंत वाजतच राही. मोटारींचे रंगवलेले सांगाडे, ज्यांना अजून चाके नव्हती की आसने नव्हती, जागच्या जागी उभे राहिले. दोन्ही बाजूंचे साठएक कामगार हातातले काम सोडून एकाच दिशेला पाहू लागले.

"टोप्या, आज चहा पाजायचाच न्हाई असं ठरवून निघालास का रं घरनं?"

"त्याला कशाला पाहिजे चहा? त्याला जपानवरनं सरबत येतंय."

रोहिदास टोपे कुणाकडेही पाहत नव्हता. पंचविशीचा, हाडाने रुंद, मानेवर घामाची रेघ. वरच्या लोखंडी नळीवरून लोंबणारी दोरी अजून त्याच्या मुठीत होती. कुराहाशी त्याच्या दिशेने चालू लागले आणि त्यांच्या मागे दोन पावलांचे अंतर राखून मी.

कुराहाशी हे जपानी भागीदाराने पाठवलेले सल्लागार. साठीचे, ठेंगणे, आयुष्यभर मोटारींच्या कारखान्यांतच वाढलेले. त्यांना मराठीतला एकच शब्द येत होता, तो म्हणजे "का". तो ते दिवसातून इतक्या वेळा उच्चारीत की कामगारांनी त्यांचे नाव कावळा ठेवले होते.

"आला कावळा," कुणीतरी पुटपुटले. "आता पिंडाला शिवल्याबिगर जायचा न्हाई."

"का?" कुराहाशींनी रोहिदासला विचारले.

"मागच्या सीटच्या पट्ट्याचा बोल्ट बसत न्हाई. आवळायची गन म्हणती बसला, पर पट्टी हातानं हलतीय. बघा की."

मी भाषांतर केले. कुराहाशींनी दोन बोटांनी पट्टी धरून हलवली. ती हलली.

"का?"

"आट्यांमधी रंग गेलाय. म्हणून बोल्ट मधीच अडकतोय."

"का?"

"रंगाला जायच्या आधी भोकात रबरी बूच मारत्यात. ह्या गाडीला मारलं नव्हतं."

एवढ्यात रंगखात्याचा फोरमन सोनावळे धावत आला होता. पुढचा "का" त्याला होता. "बुचं कमी पडली," तो म्हणाला. "नवी शुक्रवारी येतील." आणि कुराहाशींनी पुन्हा तोंड उघडण्यापूर्वीच रोहिदासकडे बोट करून तो गुरगुरला, "बाकीचं ह्यालाच विचारा. लई शहाणा झालाय. आमच्या खात्याची अब्रू काढायला पगार मिळतो ह्याला."

हे शेवटचे मी भाषांतरित केले नाही. "चौकशी चालू आहे," एवढेच सांगितले.

कुराहाशी रोहिदाससमोर सरळ उभे राहिले, हात मांड्यांशी जुळवले आणि कमरेतून वाकले. "आपण थांबवलेत म्हणून आम्हाला कळले," ते म्हणाले. मी ते मोठ्याने मराठीत सांगितले. लाइनभर हशा पिकला.

"जावई! जपानचा जावई!"

रोहिदासच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सात मिनिटांनी लाइन सुरू झाली. दहा वाजता चहाची सुट्टी पंधरा मिनिटांची असे. त्या मंगळवारी ती आठ मिनिटांची झाली. आणि ती संपण्याआधीच कॅन्टीनच्या दारापाशी टांगलेल्या काळ्या फळ्यावर खडूने आकडा चढला होता: रोहिदास टोपे, ७.

या फळ्याविषयी सांगण्यापूर्वी माझ्याविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. माझे अध्ययन वाईच्या पाठशाळेत झाले. न्यायशास्त्र शिकता शिकता बौद्ध नैयायिकांकडे वळलो आणि त्यांचे ग्रंथ मूळ संस्कृतात नष्ट होऊन पूर्वेकडच्या भाषांत उरले आहेत असे समजल्यावर पुण्यात राहून मोठ्या कष्टाने जपानी शिकलो. प्रमाण आणि हेत्वाभास यांच्यासाठी मिळवलेली ती भाषा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बोल्ट आणि नट यांच्या कामी आली. खेड तालुक्यातल्या या नव्या कारखान्याला दुभाषी हवा होता आणि पाठशाळेच्या वृत्तीवर माझे घर चालत नव्हते. तिथे मी एकंदर बारा वर्षे काढली; ही हकिकत पहिल्या वर्षाची आहे.

खरे सांगायचे तर मी त्या पद्धतीच्या प्रेमात पडलो होतो. प्रत्येक स्टेशनावर एक कागद टांगलेला असे. कोणते कर्म आधी, कोणते नंतर, कोणता हात, किती क्षण. श्रौतकर्माचा प्रयोग लिहावा तसा तो कागद होता. आणि ती दोरी पाहिली तेव्हा मला यज्ञातला ब्रह्मा आठवला. बाकीचे ऋत्विज मंत्र म्हणतात, आहुती देतात, धावपळ करतात. ब्रह्मा मात्र दक्षिणेला मौन धरून बसतो. त्याचे काम एवढेच, की कुठे चूक होते आहे ते पाहावे आणि झाली तर कर्म थांबवून प्रायश्चित्त सांगावे. साऱ्या यज्ञात सर्वांत मोठा मान त्याचा. कुराहाशींच्या देशात हा मान लाइनवरच्या प्रत्येक माणसाला दिला होता. चूक दिसली की कुणीही दोरी ओढावी. ओढणाऱ्याला कुणी जाब विचारायचा नाही; जाब चुकीला विचारायचा. हे मी पहिल्याच आठवड्यात समजलो. आमच्या कारखान्यात ते माझ्याइतके स्पष्ट दुसऱ्या कुणालाही समजले नव्हते, असे मला आजही वाटते. माझा अपराध म्हणूनच मोठा आहे.

उत्पादनप्रमुख साठ्ये साहेब हे सदाशिव पेठेतले हुशार गृहस्थ. त्यांनी दोरी लावली; भागीदारीच्या करारात ती होती, लावणे भागच होते. पण तिच्यासोबत त्यांनी फळा लावला. जो दोरी ओढील त्याचे नाव आणि त्याच्यामुळे लाइन जितकी मिनिटे थांबली तो आकडा. तितकी मिनिटे सर्वांच्या चहातून वजा. साहेबांना कुणालाही दटावावे लागत नव्हते. दटावण्याचे काम साठ माणसे करीत होती.

कुराहाशी आले त्या पहिल्या दिवशी फळ्यापाशी थांबले होते. "हे काय लिहिले आहे?" त्यांनी मला विचारले.

साठ्ये साहेबांनी प्रश्न हावभावावरून ओळखला. "शास्त्रीबुवा, सन्मानफलक आहे म्हणून सांगा," ते हसत म्हणाले. "दोरी ओढणाऱ्यांचा जाहीर सत्कार. पाहुण्यापुढे घरची उणीदुणी कशाला?" आणि किंचित थांबून, "तुमचा करार वर्षाचाच ना? मार्चात बघू आपण."

मी सांगितले. सन्मानफलक आहे.

कुराहाशींचा चेहरा उजळला. "माझ्या देशातही इतके कुणी केले नाही," ते म्हणाले. आणि त्या दिवसापासून रोज सकाळी कामावर येताच ते फळ्यासमोर उभे राहत, नावांकडे पाहत आणि वाकत. त्यांना ती अक्षरे वाचता येत नव्हती. सर्वांत वर, सर्वांत मोठ्या आकड्यापुढे, रोहिदासचे नाव असे.

बुधवारी दुपारी मी कॅन्टीनबाहेरच्या कट्ट्यावर डबा उघडून बसलो होतो. रोहिदास स्वतःची थाळी घेऊन बाहेर आला. आत त्याच्या टेबलाशी कुणी बसत नसे. त्या दिवशी कुणीतरी त्याच्या बाकावर ताक ओतून ठेवले होते. तो माझ्यासमोर खाली जमिनीवरच बसला.

"शास्त्रीबुवा, एक इचारू?"

"विचार."

"तो म्हातारा रोज सकाळी माझ्या नावापुढं वाकतोय. कशापायी?"

मी घास चावत राहिलो. "त्यांची रीत आहे ती."

"रीत? पानसरे म्हणतोय, चेष्टा करतोय आमची. आमच्या चहातली मिनिटं मोजून वर नमस्कार घालतोय." पानसरे हा युनियनचा पुढारी. "आन् काल तर मला समोर उभा करून वाकला. आता सगळी म्हणत्यात मी आतल्या गोटातला. खबऱ्या."

"तू खबऱ्या नाहीस."

"मला ठावं हाय मी काय हाय ते." त्याने भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. "शास्त्रीबुवा, चौदा नंबरचं स्टेशन जिथं हाय ना, तिथं आमचं वांग्याचं वावर होतं. जमीन दिली तवा घरटी एक नोकरी म्हणाले. तीन वर्सं हंगामी, मग कायम. माझी तीन वर्सं शनिवारी भरत्यात. शनिवारी यादी लागायची. नाव लागलं तर जन्माची भाकरी, न्हाई लागलं तर ना वावर ना नोकरी. आता तुम्ही सांगा. मी दोरी ओढू का नको?"

"बोल्ट बसला नसेल तर..."

"ते नका सांगू. ते त्या कागदावर बी लिहिलंय." तो माझ्याकडे रोखून पाहत होता. "त्या फळ्याचं म्हाताऱ्याला काय सांगितलंय तुम्ही?"

मी डब्याचे झाकण लावू लागलो. "वेळ झाली," मी म्हणालो.

"झालीच म्हणायची," तो म्हणाला आणि थाळी तशीच उचलून गेला.

गुरुवारी लाइन एकदाही थांबली नाही. दहा वाजता चहा पूर्ण पंधरा मिनिटे झाला. लोक बिड्या ओढत उभे राहिले, कुणी तर मोठ्याने गाणेही म्हटले. जेवणानंतरही ती सुरावट वाजली नाही. साठ्ये साहेब दर तासाला खाली येऊन घड्याळ पाहत आणि प्रसन्न होऊन वर जात. कुराहाशी मात्र सकाळपासून बेचैन होते. "बुचे उद्या येणार," ते मला दोनदा म्हणाले. "मग आज लाइन इतकी निरोगी कशी?"

चार वाजता पाळी सुटली तेव्हा साहेबांनी पेढे मागवले होते. ते स्वतः फळ्यापाशी गेले, ओल्या फडक्याने रोहिदासच्या नावापुढचा आकडा पुसला, त्या जागी शून्य काढले आणि त्यापुढे ठसठशीत अक्षरांत "शाबास" असे लिहिले.

"घ्या रे, एकेक उचला! आज एक मिनिट नाही गेलं!"

कुराहाशींनी पेढा घेतला नाही. ते चौदा नंबरच्या स्टेशनाकडे चालत गेले, मी मागोमाग. तिथे उभे राहून त्यांनी वर पाहिले. दोरी लोंबत नव्हती. कुणीतरी ती वरच्या नळीभोवती चार वेढे देऊन गाठ मारून ठेवली होती. उभ्या माणसाचा हात तिथे पोहोचणे शक्य नव्हते.

कुराहाशींनी कुणालाही विचारले नाही की हे कुणी केले. त्यांनी अवजारांची एक पेटी ओढली, साठीच्या पायांनी तिच्यावर चढले आणि गाठ सोडू लागले. घरी निघालेली पाळी थबकली. पेढ्याचे हात तोंडाशी थांबले. गाठ पक्की होती. त्यांना वेळ लागला. दोरी खाली पडली तेव्हा ते उतरले, हात पुसले आणि बसच्या रांगेकडे निघालेल्या रोहिदासला त्यांनी हाताने खूण करून बोलावले.

"त्यांना विचारा, आज सर्व बोल्ट बसले का?"

मी विचारले.

साठ्ये साहेब पेढ्यांचा पुडा हातात घेऊनच जवळ आले होते. "बसले म्हणून सांगा, शास्त्रीबुवा. बस उभी आहे, लोकांना घरी जाऊ द्या."

रोहिदासने उजवा हातमोजा काढला आणि उलटा केला. आतल्या पांढऱ्या कापडावर बॉलपेनने आकडे लिहिले होते, एकाखाली एक.

"नऊ न्हाई बसले," तो म्हणाला. "ह्ये त्या गाड्यांचे नंबर."

"टोपे." साहेबांचा आवाज अगदी खाली आला, ते हसतच होते, कारण कुराहाशी पाहत होते. "परवाच्या यादीत तुझं नाव आहे. मी स्वतः घातलं आहे, आत्ता, तासाभरापूर्वी. मोजा घाल आणि घरी जा. मी काही ऐकलेलं नाही."

मागून पानसरेचा आवाज आला, "अय टोप्या, मुकाट बस. पुन्यांदा चहा घालवतोस का काय?"

रोहिदास त्या दोघांकडे वळलाच नाही. तो माझ्याकडे पाहत होता. "मी माझं मराठीत बोललो," तो म्हणाला. "म्होरलं तुमच्याकडं. तुम्ही काय, तुम्हाला सांगायचं तेच सांगता."

मागच्या आवारात तयार गाड्या ट्रेलरवर चढत होत्या. पाच वाजता ते निघत. कुराहाशी हात जुळवून उभे होते. त्या क्षणी मला सत्याचा मोठा उमाळा आला. पाठशाळेतली सारी वर्षे, गुरुजींचा चेहरा, माझे स्वतःचे पांढरे झालेले केस, सारे एकदम मनात दाटून आले आणि मला वाटले की आता खोटे बोललो तर माझे सर्व अध्ययन वाया गेले. मी सांगितले. नऊ बोल्ट सांगितले. दोरी कुणी आणि का गुंडाळली असेल ते सांगितले. आणि मग, कुणी विचारले नसताना, फळाही सांगितला.

कुराहाशी प्रथम आवाराकडे वळले आणि हात उंचावून ट्रेलर थांबवण्याची खूण त्यांनी केली. फाटकावरचा माणूस ते समजून धावला. मग ते सावकाश फळ्यापाशी गेले. मी सोबत गेलो. साठ माणसे मागे उभी होती, एक अक्षरही न समजता पाहत.

"हा सन्मान नाही?"

"नाही."

"मग काय आहे?"

"थांबवणाऱ्याचे नाव, आणि त्याच्यामुळे इतरांचा किती मिनिटांचा चहा गेला तो आकडा."

"आज नवे काय लिहिले आहे?"

"शून्य. आणि पुढे, त्याने थांबवले नाही म्हणून त्याची प्रशंसा."

त्यांनी फळ्यावरून नजर काढली नाही. "आपण मला सन्मान म्हणून का सांगितलेत?"

"साहेबांनी तसे सांगायला सांगितले."

"ते आपण का ऐकलेत?"

"माझा करार वर्षाचा आहे."

मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली. शेवटी ते म्हणाले, "चाळीस दिवस, रोज सकाळी, मी इथे वाकलो. आपण माझ्या शेजारी उभे होतात. एकदाही का थांबवले नाहीत?"

त्यांनी बराच वेळ दिला. उत्तरासाठी वेळ देणे हा त्यांच्या पद्धतीचा भाग होता. मग ते म्हणाले, "ठीक आहे, आठल्ये-सान." त्या दिवसापर्यंत ते मला आडनावाने नव्हे, त्यांच्या भाषेतल्या गुरुजी या शब्दाने हाक मारीत असत. पुन्हा कधी त्यांनी तो वापरला नाही.

शुक्रवारी नऊही गाड्या परत आल्या, दोन तर ट्रेलरवरून उतरवून. मागची आसने काढली, आटे साफ केले, बोल्ट पुन्हा बसवले. दुपारी रबरी बुचांची पोतीही आली. कुराहाशी दिवसभर लाइनवर होते आणि बोटाने दाखवून काम चालवीत होते. मला त्यांनी जवळ बोलावले नाही. फळा सकाळीच उतरवलेला होता. त्याच्या जागी भिंतीवर चार भोके आणि एक फिकट चौकोन राहिला होता. सोनावळे मला जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "फळा गेला म्हणून खूश होऊ नका, शास्त्रीबुवा. साहेबांनी वही केलीय. कपाटात असती, कुलपात."

शनिवारी अकरा वाजता यादी लागली. बत्तीस नावे लागायची होती, एकतीस लागली. मी ती तीनदा वाचली.

मी कुराहाशींच्या खोलीत गेलो. ते उभे राहिले, पण बसा म्हणाले नाहीत. मी सारे सांगितले. वावर, तीन वर्षे, यादी. त्यांनी ऐकून घेतले.

"लाइनवर माझा अधिकार आहे," ते म्हणाले. "हजेरीपटावर नाही. करारात तसे स्पष्ट लिहिले आहे. आपणच ते भाषांतरित केले होते." मग खिडकीकडे वळून, "मी रात्री इथल्या व्यवस्थापनाला पत्र लिहीन. ते साठ्येंच्याच टेबलावर जाईल, हेही मला माहीत आहे."

तिथून मी पानसरेकडे गेलो. तो युनियनच्या फलकाशी मित्रांबरोबर तंबाखू मळत उभा होता.

"टोपेचे नाव लागले नाही," मी म्हणालो. "तुम्ही काही करणार की नाही?"

"आम्ही?" त्याने तळहातावर चापटी मारली. "चाळीस दिवस ज्यानं आमचा चहा बुडवला, त्याच्यासाठी गेट बंद करू? आन् शास्त्रीबुवा, सोनावळेनं काल समदं सांगितलं, त्या म्हाताऱ्याला आमची नावं मानाची म्हणून कुणी सांगितली? त्यो वाकायचा तवा तुम्ही शेजारी गप उभं ऱ्हायचा. आम्हाला वाटायचं, दोघं मिळून हसताय." त्याचे मित्र हसले. तो हसला नाही. "जावा. तुमच्या पोथ्या बघा."

दुपारी साडेतीन वाजता मी फाटकाशी जाऊन थांबलो. हंगामी माणूस जाताना तिथल्या खिडकीत गणवेश, बूट आणि बिल्ला जमा करून सही करीत असे. रोहिदास सही करून वळला. अंगात घरचा सदरा होता. त्यात तो एकदम वयाने लहान दिसत होता. मी पुढे झालो. काय बोलायचे ते मी येताना मनात जुळवून ठेवले होते. ते सारे गेले.

"रोहिदास," मी म्हणालो, "मी शेवटी खरे सांगितले."

"सांगितलं की."

"नऊ गाड्या परत आल्या. त्यात माणसे बसली असती. लेकरे बसली असती."

"त्याचं मला काय बी वाईट न्हाई वाटत. नंबर मी लिहून ठिवलं हुतं, तुम्ही न्हाई. तुम्ही न्हाई सांगितलं असतं तर मी हातवारे करून सांगणार हुतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला ते सोसले असते. "गाड्यांचं सांगितलंत ते बरंच केलंत. पर फळ्याचं तुम्हाला पहिल्या दिवशी ठावं हुतं. त्या दिवशी खरं बोलला असता, तर फळा त्याच दिवशी निघाला असता. मी दोरी ओढली असती, कुणी मला शिव्या दिल्या नसत्या, आन् आज माझं नाव त्या कागदावर असतं."

"कदाचित साहेबांनी मला काढले असते..."

"व्हय. त्या दिवशी खऱ्याची किंमत तुमची नोकरी हुती. म्हणून तुम्ही थांबलात. गुरुवारी ती माझी नोकरी झाली. मग सांगितलंत."

मी उभा होतो. माझ्या मागे, दुसऱ्या पाळीला आत येणारी माणसे बिल्ले दाखवण्यासाठी दाटीने थांबली होती. कुणीतरी ओरडले, "ओ बुवा, वाटेत कशाला?"

रोहिदासने माझ्या खांद्यापलीकडे पाहिले.

"बाजूला व्हा, शास्त्रीबुवा," तो म्हणाला. "मला जायचंय."

मी बाजूला झालो.